घरच्या कॉम्प्युटरवर सारखं "व्हायरस सापडला" येतंय, अँटीव्हायरस कुठला घेऊ? आणि फोटोंचं काय करू?

निळी_शाई

नमस्कार मंडळी, कॉम्प्युटरमधलं मला कामापुरतं कळतं त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. घरी एक डेस्कटॉप आहे, विंडोज १०, साधी हार्डडिस्क, वापरणारे आम्ही चौघं. मी त्यावर टायपिंगची कामं करते, नवरा हिशेब आणि बँकेचं बघतो, मुलगा अभ्यास कमी आणि गेम जास्त, आणि सासूबाई दुपारी व्हिडिओ बघतात.

गेल्या काही दिवसांपासून स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली सारखे डबे येतायत, "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले, लगेच साफ करा", लाल रंगात, वर एका नावाजलेल्या अँटीव्हायरसचं चिन्ह पण असतं जो आम्ही कधी घेतलेलाच नाही. बंद केला की परत येतो. सासूबाई घाबरून कॉम्प्युटरचं बटणच बंद करतात.

दुसरं म्हणजे मी प्रिंट काढायला पेनड्राइव्ह बाहेर दिला होता तो परत आणल्यावर सगळ्या फोल्डरांवर तो छोटा बाण आलाय आणि साइझ १ केबी, २ केबी दाखवतंय, फाइली गेल्या का?

आणि खरी काळजी फोटोंची आहे. २००९ पासूनचे सगळे फोटो ह्याच मशीनवर आहेत, मुलगा लहान असतानाचे, सासरे होते तेव्हाचे. सी ड्राइव्हवर आहेत आणि नवऱ्याने डी ड्राइव्हवर पण कॉपी करून ठेवलेत, म्हणजे बॅकअप आहे असं तो म्हणतो, पण मला धाकधूक वाटते. तर पैसे भरून चांगला अँटीव्हायरस घेतला तर हे सगळं सुटेल का, आणि कुठला घेऊ?

खटपट्या

ताई, आधी कुठेही पैसे भरू नका आणि त्या डब्यावर तर अजिबात क्लिक करू नका.

तुम्ही वर्णन केलंय त्यावरून हा व्हायरस नसून ब्राउझरचं नोटिफिकेशन असण्याची शक्यता फार जास्त आहे. होतं काय, एखादी व्हिडिओची नाहीतर फुकट डाउनलोडची साइट उघडली की ती म्हणते "तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करायला अलाउ दाबा". माणूस दाबतो. ते अलाउ म्हणजे त्या साइटला तुमच्या स्क्रीनवर कधीही सूचना पाठवायची परवानगी, आणि मग ती साइट बंद असली तरी डबे येत राहतात. पुढच्या वेळी डबा आला की नीट बघा, त्यात बारीक अक्षरात ब्राउझरचं नाव आणि एका विचित्र साइटचा पत्ता दिसेल. खऱ्या अँटीव्हायरसच्या सूचनेत वेबसाइटचा पत्ता कशाला असेल?

क्रोम असेल तर सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. तिथे परवानगी दिलेल्या साइट्सची यादी असते, ओळखीच्या नसलेल्या सगळ्या काढून टाका. आणि तिथेच वर साइट्सनी परवानगी मागूच नये असा पर्याय आहे तो निवडा, सासूबाईंचा त्रास कायमचा जाईल. चार जण चार ब्राउझर वापरत असाल तर प्रत्येकात करावं लागेल.

कधी पूर्ण स्क्रीनभर निळं पान येतं, भोंगा वाजतो आणि एक फोन नंबर दिसतो "ताबडतोब फोन करा", ते पण सोंगच. विंडोज स्वतःच्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच देत नाही. फोन केलात की पलीकडचा माणूस गोड बोलून एनीडेस्क (दुरून तुमचं मशीन चालवू देणारा प्रोग्रॅम) टाकायला लावतो आणि तुमच्या समोर तुमचं बँक खातं उघडायला लावतो. असं पान आलं तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा, परत उघडताना जुनी पानं रिस्टोअर करू का विचारलं तर नाही म्हणा. झालं.

पेनड्राइव्हचं मात्र खरंखुरं इन्फेक्शन आहे. हा शॉर्टकटवाला किडा फार जुना आहे आणि जिथे दिवसभर शंभर लोकांचे पेनड्राइव्ह एकाच मशीनला लागतात तिथे तो अजून सुखाने जगतो. तो तुमच्या फोल्डरांना हिडन करतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट तिथे ठेवतो. तुम्ही फोल्डर समजून डबल क्लिक करता, फोल्डर उघडतो पण, त्यामुळे शंका येत नाही, आणि मागच्या मागे त्याची स्क्रिप्ट चालते. बघायचंच असेल तर एका शॉर्टकटवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, टार्गेटच्या रकान्यात फोल्डरच्या पत्त्याऐवजी सीएमडी किंवा डब्ल्यूस्क्रिप्टने सुरू होणारी लांबलचक ओळ दिसेल. डबल क्लिक मात्र नको.

फाइली बहुतेक तिथेच आहेत. फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू ऑप्शन्समध्ये जाऊन हिडन फाइल्स दाखवा करा आणि "हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स" ची टिक काढा, फिकट रंगात खरे फोल्डर दिसतील, कधी कधी नाव नसलेल्या एका फोल्डरमध्ये सगळं कोंबलेलं असतं. त्यातल्या फक्त तुमच्या डॉक्युमेंट आणि पीडीएफ कॉपी करून घ्या, पेनड्राइव्ह फॉरमॅट करा. आणि तुम्ही तो बाण आधीच दाबला असेल तर मशीनचा फुल स्कॅन करायलाच हवा.

ता.क. तिथेच व्ह्यूमध्ये "फाइल नेम एक्स्टेन्शन्स" ला टिक करून ठेवा, हे प्रत्येकाने करावं. २००० सालच्या मे महिन्यात आयलव्हयू नावाचा किडा जगभर पसरला तो ह्याच एका गोष्टीवर, फाइलचं नाव .टीएक्सटी.व्हीबीएस असं होतं आणि विंडोज शेवटचा तुकडा लपवतं त्यामुळे लोकांना ती साधी टेक्स्ट फाइल वाटली. पंचवीस वर्षं झाली, विंडोज अजून तो तुकडा आपणहून लपवतंच.

सावध_ससा

मी तर म्हणेन पैसे भरून चांगला घ्याच. फुकटच्या वस्तूत काही ना काही काळंबेरं असतंच. घरात लहान मुलं आणि बँकेचे व्यवहार एकाच मशीनवर असताना कंजुषी कशाला?

कळफलक

ससेभाऊ, भावना पोचली पण अर्धी सहमत.

काळंबेरं असतं हे खरंच आहे, २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफटीसीने (ग्राहकहित बघणारी सरकारी संस्था) अवास्ट या अँटीव्हायरस कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले ते ह्यासाठीच, लोक काय काय ब्राउझ करतात तो डेटा त्यांच्या एका उपकंपनीमार्फत विकला जात होता. पण त्यावरून विकतचाच घ्या असं सिद्ध होत नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर हा मायक्रोसॉफ्टचा अँटीव्हायरस आतच असतो आणि घरगुती वापराला तो पुरेसा आहे, दहा-बारा वर्षांपूर्वी लोक त्याला हसायचे तो काळ गेला. दुसरा अँटीव्हायरस टाकला की डिफेंडरचं चालू संरक्षण आपोआप बाजूला होतं, आणि मग वर्षभराने ती ट्रायल किंवा वर्गणी संपली की बरेच लोक नुसत्या "रिन्यू करा" च्या डब्यांबरोबर राहतात, संरक्षण जुनाट. दोन-दोन अँटीव्हायरस एकावर एक टाकणारे पण आहेत, ते एकमेकांच्याच फाइलींना धरतात आणि मशीन रांगायला लागतं.

पैसे खर्च करायचेच असतील तर बाहेरून लावायची एक हार्डडिस्क घ्या. अँटीव्हायरस फोटो परत आणून देत नाही.

मुलाचं आणि सासूबाईंचं अकाउंट वेगळं करा आणि ते स्टँडर्ड ठेवा, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नको. मग काही इन्स्टॉल करायला गेलं की तुमचा पासवर्ड मागेल. मुलगा कुरकुर करेल पण अर्धी लढाई तिथेच जिंकता येते.

उबंटूप्रेमी

लिनक्स टाका, सगळे प्रश्न एका झटक्यात खलास. 😀

कळफलक

आलेच! सासूबाईंचे व्हिडिओ चालतील हो, पण ताईंचं टायपिंगचं सॉफ्टवेअर आणि फॉन्ट चालवून देणार का तुम्ही येऊन? आणि डिस्क लिनक्समध्येही मरते.

रात्रपाळी

कळफलक यांनी हार्डडिस्कचा मुद्दा काढला तो पुढे नेतो, कारण माझ्या मते ताईंचा खरा प्रश्न तोच आहे, वरचे डबे-बिबे दहा मिनिटांचं काम आहे.

सी आणि डी म्हणजे बहुतेक घरी एकाच कपाटाचे दोन कप्पे असतात. कपाटच गेलं तर दोन्ही गेले. खात्री करायची तर स्टार्टवर राइट क्लिक करा, डिस्क मॅनेजमेंट उघडा, खाली डिस्क ० च्या एकाच पट्टीत सी आणि डी दोन्ही दिसले तर डिस्क एकच आहे. मग तो बॅकअप नाही, नुसती जागा अडवणारी दुसरी प्रत. चुकून डिलीट केलं तर तेवढा उपयोग, पण डिस्क मेली, मशीन चोरीला गेलं, विजेचा झटका बसला, रॅन्समवेअर आलं, ह्यातल्या एकातही ती वाचत नाही. रॅन्समवेअर म्हणजे फाइलींना कुलूप घालून खंडणी मागणारा व्हायरस, तो तर जेवढे ड्राइव्ह लेटर दिसतील तेवढे सगळे चाटून पुसून एन्क्रिप्ट करतो, त्यात कायम लावून ठेवलेली बाहेरची हार्डडिस्क पण आली.

म्हणून बाहेरची डिस्क घ्या, कॉपी करा, आणि काढून ठेवा. काढून ठेवणं हे महत्त्वाचं, लोक तेवढंच करत नाहीत. महिन्यातून एकदा लावा, नवीन टाका, परत काढा. जमलं तर दोन डिस्क, एक घरात, एक बहिणीकडे-भावाकडे दुसऱ्या घरात. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर असा ३-२-१ चा नियम आहे, पीटर क्रोग नावाच्या फोटोग्राफरने तो रूढ केला. फोटोग्राफरलाच हे सुचावं यात नवल नाही.

क्लाउडवर टाकलंय म्हणून निवांत बसणाऱ्यांसाठी, गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हचं फोल्डर सिंक होतं म्हणजे इकडे उडालं की तिकडेही उडतं. ट्रॅशमध्ये साधारण ३० दिवस राहतं, पण लग्नाचं फोल्डर उडालंय हे आपल्याला कळतं दीड वर्षाने अल्बम दाखवायला काढल्यावर. क्लाउड ठेवा, घराबाहेरची प्रत म्हणून ते चांगलंच आहे, पण एकटं नको. हेच बॅकअप सॉफ्टवेअरच्या मिरर मोडचं. मिरर म्हणजे मूळ ठिकाणी जे नाही ते प्रतीतूनही काढणार, त्यामुळे फोटोंसाठी मिरर वापरू नका, नवीन तेवढं भर घालणारा मोड वापरा.

आणि कॉपी केली की उघडून बघा. हे सांगायला लागू नये पण लागतं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये (प्रोग्रॅमर लोकांचं काम ऑनलाइन साठवणारी कंपनी) एका इंजिनिअरने चुकून चालू डेटाबेसचंच फोल्डर उडवलं, ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरला तेव्हा हात थांबला. त्यांच्याकडे बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या सोयी होत्या, एकही धड चालत नव्हती. रोजचा बॅकअप आवृत्ती जुळत नाही म्हणून कधीपासून फेल जात होता आणि तो फेल जातोय हे सांगणारे मेल पण पोचत नव्हते. कोणीतरी काही तास आधी हाताने एक स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, घेतला होता त्याने वाचले. हे ज्यांचं पोटच डेटावर आहे त्यांचं! म्हणून अधूनमधून दुसऱ्या कॉम्प्युटरला ती डिस्क लावून चार-सहा फोटो, एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून बघा.

निळी_शाई

सगळ्यांचे खूप आभार, एवढं सविस्तर कोणी समजावून सांगत नाही. खटपट्या दादा, तुमचं अगदी बरोबर निघालं, क्रोमच्या त्या यादीत वीसेक साइट्स होत्या, सगळ्या काढल्या, कालपासून एकही डबा नाही. पेनड्राइव्हमधल्या फाइली पण मिळाल्या.

रात्रपाळी, डिस्क ० च्या पट्टीतच सी आणि डी दोन्ही आहेत. नवऱ्याला दाखवलं, तो गप्प बसला. 🙂 बाहेरची हार्डडिस्क मागवली आहे.

पण आता नवीनच निघालं. फुल स्कॅन करायला डिफेंडर उघडला तर तिथे एक्सक्लूजन्स म्हणून यादी आहे त्यात पूर्ण सी ड्राइव्ह टाकलेला दिसतोय. आम्ही कोणी असं केलेलं नाही. मुलाला विचारल्यावर कळलं की त्याने एक गेम क्रॅक केलेला डाउनलोड केला होता आणि त्यासोबतच्या टेक्स्ट फाइलमध्ये "आधी अँटीव्हायरस बंद करा नाहीतर चालणार नाही" असं लिहिलेलं होतं, त्याप्रमाणे त्याने अँटीव्हायरस तेवढ्यापुरता बंद करून परत चालू केला, यादीत काही टाकलेलं नाही म्हणतो. हे कितपत गंभीर आहे?

खटपट्या

गंभीर आहे ताई. मुलाला रागावू नका, पण मशीन आजच्या आज इंटरनेटपासून तोडा, केबल काढा किंवा वायफाय बंद करा.

पूर्ण सी ड्राइव्ह एक्सक्लूजनमध्ये म्हणजे डिफेंडर चालू दिसतो पण सी वर काय चाललंय तिकडे बघतच नाही. मुलगा खरं बोलतोय असं मला वाटतं, क्रॅकला अ‍ॅडमिन परवानगी दिली की तो हे स्वतः करू शकतो. क्रॅक आणि कीजेन (खोटी लायसन्स की बनवणारा प्रोग्रॅम) हा घरगुती मशीनमध्ये शिरायचा राजमार्ग आहे. स्टॉप डीजेव्हीयू नावाचं रॅन्समवेअर कितीतरी वर्षं मुख्यतः ह्याच वाटेने घराघरात गेलं, कंपन्यांच्या वाटेला ते जातच नाही. तुमच्या फोटोंची नावं बदललेली नसतील आणि ते उघडत असतील, तर ते तरी नाही.

मला जास्त भीती पासवर्ड चोरांची आहे. इन्फोस्टीलर म्हणतात त्यांना. हे काहीच त्रास देत नाहीत, स्क्रीनवर काही दिसत नाही, मशीन स्लो होत नाही. काही सेकंदात ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले सगळे पासवर्ड आणि कुकीज (तुम्ही लॉगिन आहात हे साइटला सांगणाऱ्या छोट्या फाइली) उचलतात, बाहेर पाठवतात, काही तर नंतर स्वतःला पुसून पण टाकतात. लुम्मा नावाचा असाच एक होता, मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि पोलिसांनी मिळून त्याचं जाळं तोडलं तेव्हा आधीच्या दोन महिन्यांत ३ लाख ९४ हजार विंडोज मशीन लागण झालेली सापडली होती. आणि कुकी चोरीला गेली की ओटीपी असून उपयोग नाही, कारण तुम्ही आधीच लॉगिन केलेलं असतं आणि चोर तेच सेशन पुढे चालवतो.

म्हणून क्रम असा ठेवा, उलटा करू नका. पासवर्ड बदलायचेत ते ह्या मशीनवरून नाही, मोबाइलवरून किंवा दुसऱ्या स्वच्छ कॉम्प्युटरवरून. पहिला मेलचा, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड रिसेट होऊन मेलवरच येतात, मग बँकेचा, मग उरलेले. प्रत्येक ठिकाणी "सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट" असा पर्याय असतो तो नक्की दाबा, चोरलेल्या कुकीज त्यानेच बाद होतात. मेलच्या सेटिंग्जमध्ये कोणी फॉरवर्डिंगचा पत्ता टाकून ठेवला नाही ना, रिकव्हरीचा फोन नंबर तुमचाच आहे ना, हेही बघा. हे लोक विसरतात.

मग एक्सक्लूजन काढा, डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावा. तो मशीन रीस्टार्ट करून विंडोज सुरू व्हायच्या आधी तपासतो, पंधराएक मिनिटं लागतात. पण खरं सांगायचं तर अशा मशीनवर मी स्कॅनवर विसंबणार नाही. फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढायची, विंडोज पुसून कोरं टाकायचं. बाहेर काढताना फक्त फोटो, व्हिडिओ, वर्डच्या फाइली, पीडीएफ. डाउनलोड्स फोल्डर जशाच्या तसा उचलू नका आणि गेम तर नाहीच नाही.

कळफलक

+१. ह्यात एक भर. मुलांना हे पण सांगून ठेवा, हल्ली एखादी साइट "मी माणूस आहे" ची टिक मारायला लावते आणि मग म्हणते विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. असं सांगणारी साइट शंभर टक्के चोर. टिक मारताना तिने एक कमांड तुमच्या क्लिपबोर्डवर ठेवलेली असते आणि ती तुमच्याच हाताने चालवून घेते. अँटीव्हायरसला वाटतं मालकानेच चालवली.

आणि कोरं विंडोज टाकणारच आहात तर १० परत टाकण्याआधी विचार करा. १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरणाऱ्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा अपडेट मिळतात पण त्यासाठी सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये जाऊन नाव नोंदवावं लागतं, आपोआप येत नाहीत. मशीनला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर असेल तर सरळ ११ टाका. अपडेट पुढे ढकलणाऱ्यांनी २०१७ चं वॉनाक्राय रॅन्समवेअर आठवा, मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्चमध्ये दिली होती, हल्ला १२ मे ला झाला, मधले दोन महिने ज्यांनी "नंतर करू" केलं ते अडकले.

सावध_ससा

बरं, डिफेंडर डिफेंडर करताय तर त्यात रॅन्समवेअरविरुद्ध काही आहे का? विकतच्यात असतं.

कळफलक

आहे की. विंडोज सिक्युरिटीमध्ये व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, सगळ्यात खाली रॅन्समवेअर प्रोटेक्शन, त्यात कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस. मुळात बंद असतं, चालू करावं लागतं. मग अनोळखी प्रोग्रॅमला डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्समध्ये काही बदलता येत नाही. डी ड्राइव्हवरचं फोल्डर त्यात वेगळं जोडावं लागेल. कधी कधी चांगल्या प्रोग्रॅमलाही अडवतं, तेव्हा त्याला हाताने परवानगी द्यायची. कटकट आहे थोडी.

निळी_शाई

हार्डडिस्क आली. पासवर्ड मोबाइलवरून बदलले, मेलमध्ये फॉरवर्डिंग वगैरे काही नव्हतं, सुटले. पण फोटो कॉपी करताना अडकलंय. २००९ ते २०१३ व्यवस्थित गेले, २०१४ च्या फोल्डरला आलं की बराच वेळ थांबतं, आतून टक टक आवाज येतो आणि मग "सायक्लिक रिडन्डन्सी चेक" असा एरर. परत परत ट्राय अगेन दाबतेय. हा पण व्हायरसच का?

रात्रपाळी

ट्राय अगेन दाबणं थांबवा ताई! हा व्हायरस नाही, तुमची डिस्क जायला लागली आहे. त्या जागचे सेक्टर (डिस्कवरचे छोटे तुकडे) वाचता येत नाहीत म्हणून तो एरर, आणि टक टक म्हणजे वाचणारं हेड पुन्हा पुन्हा तिथे जाऊन वाचायचा प्रयत्न करतंय. जितकं जास्त छळाल तितकं उरलेलंही जाईल.

आत्ता स्किप दाबा. २०१४ सोडून द्या, बाकीची सगळी वर्षं आधी बाहेर काढा, एकेक वर्ष करून, सगळं एकदम सिलेक्ट करून नको. जे अडेल ते स्किप. मधे मशीन बंद-चालू करत बसू नका. आणि कोणी कितीही सांगितलं तरी चेकडिस्क (विंडोजचा डिस्क तपासणारा प्रोग्रॅम) चालवू नका, ते दुरुस्तीच्या नावाखाली पूर्ण डिस्क खरवडतं आणि वाचता न आलेले तुकडे तोडून टाकतं. डिस्क धडधाकट असताना ठीक आहे, मरणाऱ्या डिस्कवर नाही.

बाकीचं सुखरूप आलं की मग २०१४ कडे वळा. डी ड्राइव्हवरची नवऱ्याची कॉपी आहे ना? ती डिस्कच्या तबकडीवर दुसऱ्या जागी लिहिलेली असते, तिथले सेक्टर चांगले असू शकतात. तिथून २०१४ उचलून बघा. म्हणजे भाऊजींची कॉपी अगदीच वाया गेली नाही असं त्यांना सांगा.

आवाज वाढला किंवा ड्राइव्ह दिसेनासा झाला तर सरळ वीज काढा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या, स्वतः उघडू नका. आणि डाउनलोड केलेलं कुठलंही रिकव्हरी सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर इन्स्टॉल करू नका.

सगळं झाल्यावर कुतूहल म्हणून क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम) दुसऱ्या कुठल्या डिस्कवरून चालवून बघा, ०५ आणि सी५ ह्या दोन ओळी. ०५ म्हणजे बदली केलेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न येऊन ताटकळलेले. शून्य हवं. ते वाढत चाललं की डिस्क टाकायची, वॉरंटी बघत बसायचं नाही. एसएसडीवाल्यांनी हसू नये, साधी डिस्क निदान कण्हते, एसएसडी बऱ्याचदा एका सकाळी नुसती दिसेनाशी होते, आणि तिच्यावर ट्रिम (डिलीट केलेल्या जागा आपोआप साफ करणारी सोय) चालू असल्यामुळे डिलीट केलेली फाइल नंतर मिळण्याची आशाही फार कमी.

निळी_शाई

झालं! २०१५ पासून पुढचं सगळं आलं. २०१४ डी वरून बरंचसं मिळालं, फक्त जुलैमधल्या काही फोटोंचा वरचा भाग नीट दिसतो आणि खालचा अर्धा राखाडी. सी आणि डी दोन्हीकडे तसेच आहेत. त्यात सासऱ्यांचा शेवटचा वाढदिवस आहे, तो फोटो हवाच होता. नणंदेला तेव्हा मी ते मेल केले होते असं वाटतंय, तिला शोधायला सांगितलंय.

दोन गोष्टी विचारायच्या होत्या. मशीनमध्ये बसवायच्या वेगळ्या नवीन डिस्कवर विंडोज ११ टाकतोय (मशीन त्यात बसतंय), तर बॅकअपच्या दृष्टीने अजून काही बघायचं का? आणि ते अर्धे राखाडी फोटो दुरुस्त होतात का?

कळफलक

११ कोरं टाकून मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने लॉगिन केलं की डिस्क एन्क्रिप्शन बऱ्याचदा न विचारता चालू होतं. वाईट नाही, मशीन चोरीला गेलं तर चोराला काही वाचता येत नाही. पण मदरबोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये काही हललं की ते ४८ आकडी रिकव्हरी की मागतं, ती नसेल तर तुम्हीही चोराच्याच रांगेत. की तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये ठेवलेली असते, मोबाइलवरून लॉगिन करून ती खरंच तिथे दिसते का बघा आणि कागदावर उतरवून बँकेच्या कागदांसोबत ठेवा. त्याच मशीनच्या डेस्कटॉपवर सेव्ह करून ठेवणारे महाभाग मी पाहिलेत.

रात्रपाळी

राखाडी भाग म्हणजे फाइलचे तेवढे बाइट्स आलेच नाहीत, दुरुस्ती करणारं सॉफ्टवेअर ते कुठून आणणार, त्याच्या जाहिरातींना भुलू नका. पण जुनी डिस्क टाकू नका, विंडोज दुसऱ्या डिस्कवर गेल्यावर डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रॅमने तिची इमेज, म्हणजे पूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत, काढता येते, तो अवघड तुकडे शेवटी ठेवतो आणि त्यांच्यावर सावकाश प्रयत्न करतो. कधी कधी काही सेक्टर निघतात.

उबंटूप्रेमी

डीडीरेस्क्यू लिनक्सवर चालतं बरं का. 😀 ताई, चेष्टा सोडा, पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करून ते कसं वापरायचं ते मी इथे पायरी-पायरीने लिहून देतो, तुमच्या मशीनवर काही इन्स्टॉल करावं लागणार नाही. तोवर ती डिस्क काढून ठेवा, जोडून ठेवू नका.

निळी_शाई

नणंदेचा निरोप आला, मेल सापडला! वाढदिवसाचा आहे त्यात. उबंटूप्रेमी, तुम्ही लिहा नक्की, बाकीच्या फोटोंसाठी हवंय.

रात्रपाळी

वा! त्यांना मेलमधली अटॅचमेंट डाउनलोड करून फाइल म्हणूनच पाठवायला सांगा, मोबाइलवर स्क्रीनशॉट काढून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून नको, त्यात तो दाबला जातो. व्हॉट्सअ‍ॅपवरच पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून.

निळी_शाई

डॉक्युमेंट म्हणून आला, २.८ एमबी. दोन्हीकडे टाकला.